आधी मालकी, मग विक्री : बँकांची नियमपालनाची जोखीम आणि आपण



गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत एका वहिनींनी आम्हाला गाठले. "तुम्ही बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहात ना? मग सांगा, माझे पैसे का अडवले?" त्यांच्या सासूबाईंचे सोलापूरला खुब्याचे ऑपरेशन होते. रुग्णालयात अनामत भरायची म्हणून वहिनींनी इथून दिरांच्या खात्यावर रक्कम पाठवली, आणि ती दोन दिवस मधेच लटकली. विचारले की एकच उत्तर : "कंप्लायन्सकडे आहे." शेवटी दिरांनी शेजाऱ्यांकडून उसने घेऊन अनामत भरली. ऑपरेशन वेळेवर झाले, सासूबाई आता काठीशिवाय चालतात, पण वहिनींचा राग काही गेलेला नव्हता. हातात वरणभाताचे ताट घेऊन उभ्या-उभ्या दिलेले आमचे उत्तर अर्धवटच राहिले. म्हणून हा लेख.

आम्ही पडलो इंजिनिअर. गेली दहा-बारा वर्षे दुबईत राहून बँकांच्या संगणक प्रणालींवर काम करतो. नेहमीच्या, म्हणजे व्याजावर चालणाऱ्या बँका आणि इस्लामी बँका, दोन्हीकडे आम्ही राबलो आहोत. आम्ही वकील नाही, शरियाचे जाणकार तर नाहीच. पण या दोन्ही बँका कशाला घाबरतात हे आम्ही जवळून पाहिले आहे, आणि ते समजले तर आपला त्रास निम्मा कमी होतो असा आमचा अनुभव आहे.

कंप्लायन्स म्हणजे काय रे भाऊ?

बँकेच्या जोखमा म्हटले की आपल्याला पटकन आठवते ते बुडीत कर्ज. पण कर्ज वेळेवर फिटत असताना, तिजोरी भरलेली असतानाही बँक अडचणीत येऊ शकते. कारण तिने एखादा नियम मोडलेला असतो. बँकांच्या देखरेखीवरील बाझल समितीने एप्रिल २००५ मध्ये या विषयावर एक मार्गदर्शक टिपण काढले. त्याचा मथितार्थ असा : कायदे, नियम आणि आचारसंहिता न पाळल्यामुळे बँकेला होऊ शकणारी शिक्षा, आर्थिक नुकसान किंवा बदनामी म्हणजे नियमपालनाची जोखीम. यातली बदनामी सर्वात महाग. दंड एकदा भरून संपतो, गेलेली पत लवकर परत येत नाही.

हे किती महाग पडते? २०१२ मध्ये एचएसबीसी बँकेने काळा पैसा रोखण्याच्या यंत्रणेतील त्रुटींबद्दल अमेरिकेत सुमारे १.९ अब्ज डॉलर भरले. मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्यांचा पैसा तिच्यामार्फत फिरला होता. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने सुदान, इराण आणि क्यूबा यांच्यावरील अमेरिकी निर्बंध मोडल्याची कबुली देऊन सुमारे ८.९ अब्ज डॉलर मोजले. या दोन्ही प्रकरणांचा कर्जबुडव्यांशी काही संबंध नव्हता.

आणि फार लांब कशाला जायचे? सप्टेंबर २०१९ आठवा. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाला दिलेला होता आणि तो खोट्या खात्यांच्या आड रिझर्व्ह बँकेपासून लपवला होता, हे नंतर बाहेर आले. इथल्या कितीतरी मराठी घरांतले आई-वडील तेव्हा त्या शाखांपुढे रांगेत उभे होते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मधली दोन-सव्वादोन वर्षे निवृत्त माणसांनी कशी काढली ते त्यांनाच विचारा. एका समूहाला किती कर्ज द्यायचे याची मर्यादा हा काही नवा नियम नव्हता. तो पाळला जातो आहे की नाही हे प्रामाणिकपणे दाखवणारी नोंद तिथे नव्हती.

तीन फळ्या आणि एक यादी

नेहमीच्या बँकेत या जोखमीविरुद्ध तीन फळ्या असतात. पहिली फळी म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे : काउंटरवरचा कर्मचारी, कर्ज देणारा अधिकारी. दुसरी म्हणजे कंप्लायन्स विभाग. तो नियम समजावून सांगतो, व्यवहारांवर लक्ष ठेवतो आणि संशयास्पद वाटले तर सरकारी यंत्रणेला कळवतो. तिसरी फळी अंतर्गत लेखापरीक्षकांची. ते पहिल्या दोघांनी आपले काम केले का, ते नंतर तपासतात. दुसऱ्या फळीला विक्रीचे लक्ष्य दिलेले नसावे, हा यातला मुख्य मुद्दा. ज्याचा बोनस कर्जवाटपावर अवलंबून, त्यानेच नियम तपासायचे म्हणजे कुंपणानेच शेत राखायचे, आणि ते काय करते हे आपल्याला ठाऊक आहे.

वहिनींचे पैसे दुसऱ्या फळीत अडकले होते. पैसे पाठवताना पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव संयुक्त राष्ट्रसंघ आणि निरनिराळ्या देशांच्या निर्बंध-याद्यांशी ताडून पाहिले जाते. हे काम संगणक करतो, आणि तो नाव तंतोतंत जुळते का एवढेच पाहत नाही. मोहम्मद हे नाव रोमन लिपीत डझनभर प्रकारांनी लिहितात. आपल्याकडेही एकाच घरात दीक्षितांचे स्पेलिंग तीन तऱ्हांनी सापडते. म्हणून प्रणाली 'किती जुळते' याचे गुण देते आणि ठरलेल्या गुणांच्या वर गेले की व्यवहार थांबवून माणसाकडे पाठवते. तो माणूस मग जन्मतारीख, पत्ता, वडिलांचे नाव पाहून ठरवतो की हा तो नव्हे.

दिरांचे फक्त नाव आणि आडनाव भरलेले होते. मधले नाव नाही, कारणाच्या रकान्यात नुसते 'कौटुंबिक'. ही सगळी धावपळ शुक्रवारी दुपारी, पुढे शनिवार-रविवार. तपासणाऱ्याच्या हातात 'हा तो नव्हे' म्हणायला काहीच नव्हते. सोमवारी ओळखपत्राची प्रत गेली आणि तासाभरात रक्कम सुटली. गुणांची ही रेघ किती वर ठेवायची, यावर आमच्या बैठका तासन् तास चालतात. रेघ खाली आणली तर वहिनींसारख्या हजारोंना त्रास, वर नेली तर नको तो माणूस निसटतो. संयुक्त अरब अमिराती मार्च २०२२ पासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत आर्थिक कृती दलाच्या, म्हणजे एफएटीएफच्या, करड्या यादीत होती. त्या काळात इथल्या बँका इतकी कागदपत्रे का मागू लागल्या, याचे एक मोठे कारण तेच.

इस्लामी बँक : दोन परीक्षक

आता इस्लामी बँकेकडे वळू. दुबई इस्लामिक बँक १९७५ साली सुरू झाली आणि आज आखातात जवळपास प्रत्येक देशात अशा बँका आहेत. त्या ग्राहकाचा धर्म विचारत नाहीत. आपल्यातल्या अनेकांच्या गाड्या आणि घरे त्यांच्याकडूनच घेतलेली आहेत.

या बँकेला वरचे सगळे नियम लागू असतातच. शिवाय दुसरा परीक्षक असतो तो शरियाचा. रिबा म्हणजे व्याज चालत नाही. गरार म्हणजे करारातली अवाजवी संदिग्धता चालत नाही. मैसिर म्हणजे जुगार चालत नाही. पैशावर पैसा कमवायचा नाही, खऱ्या वस्तूच्या व्यापारातून, भाड्यातून किंवा भागीदारीतून कमवायचा. हे न पाळल्याने जी जोखीम उभी राहते तिला शरिया-अनुपालनाची जोखीम म्हणतात.

उदाहरण घेऊ. तुम्हाला ८०,००० दिरहमची गाडी हवी आहे. नेहमीची बँक ८०,००० कर्ज देईल आणि व्याज घेईल. इस्लामी बँक 'मुराबाहा' करेल. म्हणजे तुम्ही गाडी घेण्याचे वचन द्याल, बँक विक्रेत्याकडून ती ८०,००० ला स्वतः विकत घेईल आणि मग तुम्हाला ९६,००० ला विकेल. किंमत आणि नफा दोन्ही तुम्हाला आधी सांगून. तुम्ही ती ४८ हप्त्यांत, दरमहा २,००० प्रमाणे फेडाल. ठरलेली किंमत नंतर वाढत नाही. हप्ता चुकला तर विलंबशुल्क बँक आपल्या नफ्यात घेऊ शकत नाही, ते दानधर्माला जाते.

तुम्ही म्हणाल, हिशेब तर तोच झाला! हा आक्षेप जुना आहे आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. पण फरक आकड्यात नाही, क्रमात आहे. गाडी तुम्हाला विकण्यापूर्वी ती बँकेच्या मालकीची आणि ताब्यात आलेली असली पाहिजे, मग ती काही मिनिटांसाठी का असेना. त्या काळात तिचे नुकसान झाले तर ते बँकेचे. स्वतःकडे नसलेली वस्तू विकणे म्हणजे बाजारात तुरी! तो सौदा शरियाच्या दृष्टीने सदोष, आणि त्यातला १६,००० दिरहमचा नफा बँकेला ठेवता येत नाही. तोही दानधर्माला.

इथे जरा थांबा. ग्राहकाने सगळे हप्ते वेळेवर भरले. कोणी कोणाला फसवले नाही. तरीही नफा शून्य. अशा १,००० गाड्या असतील तर १ कोटी ६० लाख दिरहम. नेहमीच्या बँकेत कर्जाच्या कागदांचा क्रम थोडा मागेपुढे झाला तर बहुधा लेखापरीक्षकाचा एक शेरा येईल. इस्लामी बँकेत क्रम हाच सौद्याचा प्राण आहे. आमच्यातला एक सहकारी नव्या मुलांना हे एका वाक्यात शिकवायचा : आधी लगीन कोंढाण्याचे!

चार तासांची गोष्ट

आता आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बँकेत आम्ही नवी प्रणाली बसवली. गाड्यांच्या खरेदीची नोंद एका संगणकावर, ग्राहकाला विकल्याची नोंद दुसऱ्यावर. सहा महिन्यांनी शरिया लेखापरीक्षकांनी नमुन्यादाखल ४० फायली काढल्या आणि आम्हाला बोलावले. त्यातल्या बऱ्याच फायलींत विक्री आधी आणि खरेदी नंतर! दुपारी दोनला खरेदी केलेली गाडी सकाळी साडेदहालाच विकलेली.

कारण शोधायला आम्हाला एक रात्र लागली. एका संगणकाचे घड्याळ इथल्या वेळेवर होते, दुसऱ्याचे ग्रिनिचच्या. फरक बरोबर चार तासांचा. अडीच वाजताची विक्री साडेदहाची दिसत होती. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला आणि दुसऱ्या दिवशी जरा हसतहसतच खुलासा दिला.

लेखापरीक्षक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की ठीक, आता चार तास मिळवून सगळ्याच फायली पुन्हा लावून दाखवा. आम्ही लावल्या. बाकीच्या सुतासारख्या सरळ झाल्या, पण ४ झाल्या नाहीत. त्या खरोखरच उलट्या होत्या. ईदच्या आधीच्या गर्दीत विक्रेत्याच्या दालनातल्या कोणीतरी ग्राहकांच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या. आमच्या घड्याळाच्या गोंधळात त्या ४ चुका बेमालूम लपल्या होत्या. 'तांत्रिक दोष' म्हणून आम्ही फाईल बंद केली असती तर त्या तशाच राहिल्या असत्या, आणि पुढच्या ईदला ४ च्या ४० झाल्या असत्या. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, तसे.

त्या ४ गाड्यांचा नफा दानधर्माला गेला. आम्ही सर्व संगणकांना एकच घड्याळ दिले. मालकीची नोंद झाल्याशिवाय विक्रीचा पडदा उघडणारच नाही अशी कडी घातली. प्रत्येक पायरीवर कोणी, कधी, कोणत्या कागदाच्या आधारे, हे न पुसता येईल असे लिहून ठेवायला सुरुवात केली. काम बरोबर करणे पुरेसे नाही, ते बरोबर केले हे परक्या माणसाला दाखवता आले पाहिजे, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. दोन्ही प्रकारच्या बँकांना तो सारखाच लागू आहे.

पंडितांत मतभेद असले तर?

शरियाचा एकच छापील कायदा सगळ्या देशांत नाही, हा या जोखमीचा अवघड भाग. बहारीनमधील आयोफी ही संस्था १९९१ पासून इस्लामी वित्तसंस्थांसाठी हिशेबाची आणि शरियाची मानके तयार करते. क्वालालंपूरचे इस्लामिक फायनान्शियल सर्व्हिसेस बोर्ड २००२ पासून देखरेखीची मानके देते. संयुक्त अरब अमिरातीत मध्यवर्ती बँकेचे उच्च शरिया प्राधिकरण आहे. २०१८ पासून आयोफीची शरिया मानके इथे बंधनकारक आहेत. २०२० च्या शरिया-कारभाराच्या मानकानुसार बँकेला स्वतःची शरिया समिती, शरिया नियंत्रण विभाग आणि स्वतंत्र शरिया लेखापरीक्षण ठेवावे लागते. म्हणजे तीन फळ्यांना समांतर आणखी एक रांग.

तरीही मतभेद उरतात. रोख रक्कम मिळवण्यासाठी वस्तू उधारीवर घेऊन लगेच तिसऱ्याला विकण्याच्या पद्धतीला तवर्रुक म्हणतात. बँकेने आखून दिलेल्या संघटित तवर्रुकला आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००९ मध्ये शारजात भरलेल्या अधिवेशनात अमान्य ठरवले. पण अनेक बँका आपल्या शरिया समितीच्या संमतीने, अटी पाळून ती वापरतात.

मतभेद कुठवर जाऊ शकतो याचा धक्कादायक धडा २०१७ मध्ये मिळाला. शारजाच्या डाना गॅस कंपनीने, म्हणजे बँकेने नव्हे, जाहीर केले की तिने स्वतःच काढलेले ७० कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, आता शरियाला धरून नाहीत आणि म्हणून इथल्या कायद्याने अवैध आहेत. घेणेकरी थक्क झाले. ज्याने रोखे विकले तोच म्हणतो ते चुकीचे होते! नोव्हेंबर २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने इंग्लिश कायद्याखालील हमीपत्राबाबत गुंतवणूकदारांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून सुकूकच्या करारपत्रात 'शरियाचे कारण पुढे करून देणे नाकारणार नाही' अशा अर्थाचे कलम अनेक ठिकाणी दिसू लागले. 'शरियासंमत' हा शिक्का कोणी आणि कशाच्या आधारावर दिला, हे पाहणे म्हणजे अविश्वास नव्हे, व्यवहारज्ञान आहे.

ठेवीदारालाही यात रस हवा. इस्लामी बँकेतली गुंतवणूक-ठेव बहुधा 'मुदारबा' तत्त्वावर असते. पैसा तुमचा, मेहनत बँकेची, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून. उत्पन्न दानधर्माला गेले की वाटायचा नफाच आटतो. बँकेच्या निष्काळजीपणाने ते झाले असेल तर भार बँकेने सोसायचा, हे तत्त्व आहे. पण निष्काळजीपणा सिद्ध करायला पुन्हा नोंदीच लागतात.

आपल्या घरात काय करायचे?

थोडक्यात काही गोष्टी सांगतो. आम्ही स्वतः यांतल्या दोन चुका केलेल्या आहेत, कोणत्या ते विचारू नका.

१. पासपोर्ट किंवा एमिरेट्स आयडी नवा झाला की लगेच बँकेत द्या. मुदत संपलेल्या ओळखपत्रामुळे खाते ऐनवेळी अडते.

२. नाव सगळीकडे सारखे ठेवा. लग्नानंतर आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलण्याची आपली पद्धत मोठी गोड आहे, पण संगणकाला ती समजत नाही. पैसे घेणाऱ्याचे नाव वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह पूर्ण लिहा.

३. कारणाच्या रकान्यात 'आईच्या ऑपरेशनसाठी' असे स्पष्ट लिहा. भारतातील फ्लॅट विकून मोठी रक्कम येणार असेल तर कागद आधी तयार ठेवा. निकडीची रक्कम शुक्रवारी दुपारवर टाकू नका.

४. आपले खाते कोणालाही 'दोन दिवसांसाठी' वापरायला देऊ नका. नव्याने आलेल्या मुलांना हे आवर्जून सांगा. "माझे पैसे तुझ्या खात्यात घे आणि पुढे पाठव, शंभर दिरहम तुला" म्हणणारा परोपकारी नसतो. पोलिसांच्या कागदावर नाव तुमच्या मुलाचे येते.

५. परदेशी स्थायिक झाल्यावर भारतातले साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही. ते एनआरओ करून घ्या. हवालाने घरी पैसे पोहोचवणे स्वस्त वाटते, पण भारतात ते घेणे फेमा कायद्याच्या विरुद्ध आहे.

६. इस्लामी बँकेकडून गाडी किंवा घर घेताना सह्यांचा क्रम विचारा. "साहेब, सगळ्या सह्या आत्ताच करून टाका" म्हटले तर थांबा. बँकेच्या मालकीचा कागद आधी झाला का, एवढा एकच प्रश्न करा.

७. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, वर्गणी! २०२१ च्या संघीय कायद्यानुसार इथे परवानगी असलेल्या संस्थेलाच देणग्या गोळा करता येतात. कोणाच्या आजारपणासाठी फोनवरून मदत गोळा करण्याआधी अधिकृत मार्ग शोधा. हेतू चांगला असणे हा कायद्यापुढे बचाव नाही.

महाप्रसादाला भेटलेल्या वहिनींना आम्ही हे सगळे लिहून पाठवले. त्यांचे उत्तर आले, "समजले. पण तुमच्या त्या माणसाने सोमवारऐवजी शनिवारी पाहिले असते तर?" प्रश्न रास्त आहे. तपासणाऱ्या पडद्यामागे कोणाची तरी आई रुग्णालयात असू शकते, हे प्रणाली बनवणाऱ्यांनीही विसरू नये. पुढच्याच बैठकीत आम्ही तो मांडला. वैद्यकीय कारण लिहिलेले व्यवहार सुटीच्या दिवशीही आधी तपासले जावेत, असा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे. मंजूर होईल की नाही ते सांगता येत नाही. पण प्रस्तावात कारण म्हणून सोलापूरच्या एका आजींचा, नाव न घेता, उल्लेख आहे.